दोन व्याही, सत्तावन्न पक्षी

पक्षी उडतो, एवढीच मला पक्ष्यांची माहिती. त्यातही कोंबडी फारशी उडत नाही, त्यामुळे हेसुद्धा मी कुणाला छातीठोकपणे सांगत नसे. असा मी एका रविवारी भल्या पहाटे, डोक्यावर हिरवी टोपी, अंगात हिरवा सदरा, खाली तपकिरी विजार आणि गळ्यात उसनी दुर्बीण अशा अवतारात घराचा जिना उतरत होतो. याला कारणं दोन : एक बिस्किटांचा खोका, आणि दुसरं माझ्या बायकोची दाढ.

त्याचं असं झालं. मी वजनमापं तपासणारा माणूस. सत्तावीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासतो. खऱ्या मापावर शिक्का मारतो, खोटं माप जप्त करतो. या कामाने माणसाचा हात शहाणा होतो आणि बाकीचा माणूस मूर्ख राहतो. आमचे होऊ घातलेले व्याही पहिल्यांदा घरी आले, ते बेकरीतून किलोभर बिस्किटांचा खोका घेऊन आले. खोका माझ्या हातात आला, आणि मी काही बोलायच्या आत माझा हातच बोलला.

"साठ ग्रॅम कमी भरतंय," मी म्हणालो.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी स्वयंपाकघरात जाऊन काटा आणला, पाहुण्यांसमोर टीपॉयवर मांडला आणि खोका त्यावर ठेवला. "नऊशे बेचाळीस. म्हणजे अठ्ठावन्नच कमी. माझा अंदाज दोन ग्रॅमनी चुकला, माफ करा."

व्याही दातांचे डॉक्टर. समोरच्या माणसाचं तोंड उघडं आहे आणि त्याला बोलता येत नाही, याची त्यांना तीस वर्षांची सवय. प्रसंग सावरायला म्हणून माझी बायको जरा मोठ्यानेच हसली. डॉक्टरांनी मान वाकडी करून आत पाहिलं आणि म्हणाले, "वरची डावी, शेवटून दुसरी. गेलीये ती. काढावी लागेल."

पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. लेक खोलीचं दार लावून बसली. "बाबा, तुम्ही त्यांच्यासमोर काटा आणलात," हे एकच वाक्य ती दारामागून चार वेळा म्हणाली. चौथ्या वेळी आवाज भिजलेला होता. डॉक्टरांचा मुलगा आणि ती एकाच कचेरीत नकाशे काढतात. तीन वर्षांपासून एकमेकांना आवडतात. त्या दोघांनी मिळून ठरवलं होतं, की दोन्ही घरं मनापासून खूश असतील तरच लग्न करायचं. पोरांनी हा निर्णय आपापल्या बापाच्या शहाणपणावर सोडला, एवढीच काय ती त्यांची चूक.

दुसरी भेट डॉक्टरांकडे ठरली. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी इतकं जपून चाललं होतं, की बसायलाच दहा मिनिटं लागली. "बसा." "छे छे, आधी तुम्ही." "असं कसं? तुम्ही पाहुणे." "पण घर तुमचं." शेवटी दोघंही एकदम बसलो आणि दोघंही एकदम गप्प झालो. खोलीत घड्याळ टिकटिकत होतं. समोरच्या भिंतीवर पक्ष्यांचं एक भलंमोठं चित्र होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "वा! पक्षी!"

"आवड दिसते तुम्हाला," डॉक्टर म्हणाले.

आता नाही कसं म्हणायचं? माणसाच्या घरातलं चित्र आहे. परत अपमान नको. "आवड म्हणजे... वेडच म्हणा ना," मी म्हणालो.

"काय सांगता! मलाही!"

दारात उभ्या असलेल्या माझ्या लेकीचा चेहरा असा उजळला, जसं पडक्या भिंतीवर ऊन यावं. त्या चेहऱ्यासाठी मी सर्कशीत सिंह पाळतो असंही सांगितलं असतं. विहीणबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मग छानच झालं. येत्या रविवारी पक्षीमंडळाची गणना आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जास्तीत जास्त जाती शोधायच्या. दोघादोघांची जोडी असते. मी तुमची नावं देऊन टाकते."

गणनेची बातमी आमच्या इमारतीत जिन्याने चढली आणि सल्ले जिन्याने उतरले. वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे सर म्हणाले, "वाऱ्याच्या उलट दिशेने जा. पक्ष्यांना माणसाचा वास येतो." समोरच्या नर्सबाई म्हणाल्या, "सरांचं काही ऐकू नका. पक्ष्यांना वास येत नाही, रंग दिसतात. तुम्ही झाडासारखे दिसा." म्हणून वर हिरवा, खाली तपकिरी. दुर्बीण सरांनी दिली. तिच्या डाव्या नळीतून काहीच दिसत नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "उत्तम! एका डोळ्याने एकाग्रता वाढते."

निघताना बायकोने मला नखशिखान्त न्याहाळलं. "झाडासारखे दिसताय खरे," ती म्हणाली. "पण पोट सुटलेलं झाड."

लेकीने मात्र माझे चारही खिसे तपासले. काटा नाही याची खात्री केली आणि माझा हात धरून म्हणाली, "बाबा, आज एकच दिवस. ते म्हणतील त्याला हो म्हणा. एवढंच करा माझ्यासाठी."

"हो," मी म्हणालो. सुरुवात तिच्यापासूनच केली.

गणनेची जागा म्हणजे गावाबाहेरचा पाणीपुरवठ्याचा तलाव. डॉक्टर फाटकाशी आधीच उभे होते. त्यांच्याही अंगात हिरवा सदरा, म्हणजे त्यांनाही कुणी नर्सबाई शेजारी असणार. गळ्यात नवीकोरी दुर्बीण, तिच्या दोरीला अजून दुकानाची चिठ्ठी लटकत होती. हातात मंडळाचा नोंदीचा कागद, तीन प्रतींत. त्यात रकाने : वेळ, पक्ष्याचं नाव, नर की मादी, आणि दोघांच्या सह्या. खाली तळटीप, की दोघांचंही एकमत असेल तोच पक्षी धरला जाईल, आणि खाडाखोड झाल्यास तिथेही दोघांनी सही करावी. कागद पाहून मला जरा धीर आला. रकाने असलेल्या गोष्टीला मी घाबरत नाही.

फाटकावर पहारेकरी होता. टेबल, खुर्ची, जाडजूड वही, शिक्का आणि शाईची पेटी असा त्याचा सगळा संसार पत्र्याच्या खोलीत मांडलेला. त्याने आमचं परवानापत्र दोनदा वाचलं.

"पत्रात लिहिलंय, निरीक्षक दोन, दुर्बीण एक. तुमच्याकडे दुर्बिणी दोन."

"पण माणसंही दोनच आहेत ना?" डॉक्टर म्हणाले.

"माणसं बरोबर आहेत. माणसांबद्दल तक्रार नाही. दुर्बीण एक जास्त आहे. ठेवून जा, पावती देतो."

मी माझी काढायला लागलो, तर डॉक्टरांनी माझा हात धरला. "छे छे! तुमच्या सवयीची आहे ती. अनुभवी माणसाची दुर्बीण लांबूनच ओळखू येते." आणि त्यांनी स्वतःची नवी दुर्बीण काढून टेबलावर ठेवली. मला सांगता येईना, की अहो, हिच्यातून अर्धंच जग दिसतं. लेकीला शब्द दिला होता. मी हो म्हणालो.

तलाव नुकता जागा होत होता. निजलेल्या लेकराच्या अंगावरून आईने अलगद हात उचलावा तसं धुकं पाण्यावरून उठत होतं. लव्हाळ्यांच्या गर्दीतून, झाडांच्या शेंड्यांवरून, पलीकडच्या काठावरून आवाज येत होते. कुणी शीळ घालत होतं, कुणी टिचक्या वाजवत होतं, कुणी तेल न घातलेल्या बिजागरीसारखं कुरकुरत होतं. क्षणभर मी कशासाठी आलोय तेच विसरलो. मग डॉक्टर कानाशी कुजबुजले, "तो पाहिलात?" आणि मला आठवलं.

फांदीवर काहीतरी बसलं होतं.

"काय वाटतं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"छे, तुमच्यासमोर मी काय सांगणार?"

"असं कसं? आधी तुम्हाला दिसला."

"दिसला मला, पण ओळखायचा मान तुमचा."

एवढ्यात पक्ष्याने आम्हा दोघांचा नाद सोडला आणि तो उडून गेला. जाताजाता त्याचं शेपूट जरा तांबूस दिसलं. मी घसा खाकरला. "तांबूसशेपट्या," मी म्हणालो.

डॉक्टरांनी जरा विचार केला. "मादी असावी."

"मादीच," मी म्हणालो. आणि दोघांनी सह्या केल्या.

पहिलं खोटं हे गाडीच्या पहिल्या धक्क्यासारखं असतं. तेवढं द्यावं लागतं, मग उतारच असतो. सात वाजेपर्यंत आमच्याकडे नऊ पक्षी झाले. माझी पद्धत ठरून गेली : मी वजन सांगायचो. "दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे लहान बोरचोच्या." डॉक्टर चोच तपासायचे. "वरची चोच खालच्या चोचीवर नीट बसत नाहीये. वेळीच तार लावली असती तर सुधारली असती." "म्हणजे मग वाकडचोच्या?" "तुम्ही म्हणता तर वाकडचोच्याच." मी त्यांच्या ज्ञानाने थक्क झालो होतो. माणसाने बोलताबोलता एकदाही अडखळू नये! माझ्या मनात येई, आपली पोर या घरात जाणार, आणि आपण असे अडाणी. आणि त्या भीतीने मी आणखी एक पक्षी सांगत असे.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. त्या दिवशी कावळे पुष्कळ होते. झाडावर, फाटकावर, पहारेकऱ्याच्या पत्र्यावर. पण कावळा लिहायची आम्हा दोघांनाही लाज वाटली. एवढ्या मोठ्या माणसासमोर कावळा कसा लिहायचा?

पाण्यात काठापासून थोडं आत, चिखलाच्या उंचवट्यावर काळं काहीतरी बसलं होतं. ते हलत नव्हतं. आम्ही पाऊण तास त्याच्याकडे पाहत राहिलो. दुर्बीण "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत आमच्यात फिरत होती.

"किती संयम!" डॉक्टर हळूच म्हणाले.

"अंड्यांवर बसलेली दिसते," मी म्हणालो.

"आई ती आईच," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर पाणावले. आम्ही लिहिलं : स्थिर पाणटोक्या, मादी, अंड्यांवर.

दुपारी बाराच्या सुमाराला मंडळाच्या संयोजिका आल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, उन्हाने रापलेला चेहरा, आणि वाक्यं अशी तुटक, जणू पक्षी उडून जाईल म्हणून मोजूनच बोलत असाव्यात. "किती?" त्यांनी विचारलं.

"चव्वेचाळीस," डॉक्टर म्हणाले.

बाईंचे डोळे मोठे झाले. "माझ्या स्वतःच्या जोडीचे एकतीस. मी वीस वर्षं करतेय हे." त्या आमच्याकडे अशा पाहू लागल्या, जसं कुणी देवळातल्या मूर्तीकडे पाहावं. मी पोट आत घेतलं. "संध्याकाळी येते. यादी पाहायचीय. पुढच्या महिन्यात मंडळात तुमचं भाषण ठेवू."

त्या गेल्या आणि पाच मिनिटांत माझा फोन वाजला. लेक होती. "बाबा, खरंच चव्वेचाळीस? त्या बाईंनी याच्या आईला कळवलं. याने तर सगळ्या मित्रांना सांगितलंय, की आमचे दोन बाबा मिळून विक्रम करतायत. बाबा, आमचे दोन बाबा म्हणाला तो! आम्ही सगळे संध्याकाळी येतोय तुम्हाला घ्यायला." तिच्या आवाजात असं काही होतं, की मी नुसतं "या" म्हणून टाकलं. मी फोन ठेवला. डॉक्टरही नेमका त्याच वेळी आपला फोन ठेवत होते, आणि त्यांचा चेहराही दाढ काढायला बसलेल्या माणसासारखा झाला होता.

जेवणाचे डबे उघडले. डॉक्टरांनी त्यांच्या डब्यातला ऑम्लेट भरलेला पाव माझ्यापुढे धरला. मी तो घेतला, आणि काय सांगू, हाताने सवयीप्रमाणे जराशी उंचखाली हालचाल केली. अगदी किंचित.

डॉक्टरांनी ते पाहिलं. "भरतोय ना बरोबर?" ते फार गोड आवाजात म्हणाले.

"भरतोय," मी त्याहून गोड आवाजात म्हणालो. "तुम्ही हा घास मोठा घेताय, दातांना सोसेल ना?"

दोघंही हसलो. त्या हसण्यात ओलावा नव्हता, पण दात पुष्कळ होते. काहीतरी ठिणगी पडणार तेवढ्यात वरून एक पक्षी झेपावला आणि डॉक्टरांच्या हातातला पाव घेऊन गेला. "काय चपळाई!" डॉक्टर रिकाम्या हाताकडे पाहत म्हणाले. "पावउचल्या," मी म्हणालो. पंचेचाळीस.

चार वाजता आकडा सत्तावन्न झाला, आणि तेव्हाच माझा तोल गेला. स्थिर पाणटोक्याची शेवटची विचारपूस करायला मी काठावर वाकलो होतो. पाय सरकला आणि मी मांडीपर्यंत चिखलात. उजवा बूट तळाशी राहिला, आणि पोट सुटलेलं ते झाड सावकाश पुढे कलू लागलं. जे हाताला लागेल ते धरायला गेलो.

"सांभाळून!" डॉक्टर काठावरून ओरडले. "मादी आहे!"

मादी माझ्या हातात आली. ती टायर होती. सायकलच्या जुन्या टायरची गुंडाळी.

डॉक्टरांनी मला बाहेर ओढलं. स्वतःही गुडघ्यापर्यंत चिखलात आले, हे मी विसरणार नाही. मग आम्ही दोघं काठावर बसलो. मध्ये टायर.

"उडून गेली वाटतं," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "हे मागे ठेवून."

बोलून चालून सभ्य माणसं आम्ही. टायर तिथेच ठेवून, एक बूट घालून, फाटकाकडे निघालो.

पहारेकरी वाट पाहतच होता. "यादी द्या," तो म्हणाला. "आवारात जे जे सापडलं त्याची या वहीत नोंद होते. गेल्या वर्षी एक छत्री सापडली होती, तिचीही आहे." त्याने वही उघडली, पेन झटकलं आणि संथ, सरकारी आवाजात वाचायला सुरुवात केली. "तांबूसशेपट्या, मादी, एक. लहान बोरचोच्या, एक. वाकडचोच्या, तार न लावलेला, एक." तो थांबला. "मी चौदा वर्षं इथे बसतोय. हे कधी आले?"

"स्थलांतर," डॉक्टर पुटपुटले.

"पावउचल्या, एक. स्थिर पाणटोक्या, मादी, अंड्यांवर. मादी कशावरून?"

"यांनी सांगितलं," डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"यांनी," मी त्यांच्याकडे.

"असेल. मला काय, मी शिक्का मारणार. शिक्का बसला की झालं, मग ते खरं." त्याने शिक्का उचलला, तोंडाजवळ नेऊन त्यावर हलकी फुंकर मारली, शाईच्या पेटीवर दाबला आणि हात वर नेला.

आता मला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, की माझा विवेक जागा झाला. तसं काही नाही. बिस्किटांच्या वेळी झालं तेच परत झालं. सत्तावीस वर्षांत खोट्या मापावर शिक्का पडू न दिलेला माझा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने पहारेकऱ्याचं मनगट धरलं.

"मारू नका," मी म्हणालो. मग डॉक्टरांकडे वळलो. पायात एकच बूट असल्यामुळे मला नीट उभंही राहता येत नव्हतं. "डॉक्टर, मला यातला एकही पक्षी ओळखता येत नाही. मला पक्ष्यांतलं काहीही कळत नाही. तुमचं चित्र पाहिलं आणि बोलून गेलो. दुर्बीणसुद्धा उसनी आहे, आणि ती एका डोळ्याने आंधळी आहे. जो काही दोष आहे तो माझा. माझ्या पोरीचा यात काही नाही."

झालं, मनात म्हटलं. संपलं. आता पोरीला काय तोंड दाखवू?

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं स्वतःचं तोंड उघडं होतं आणि शब्द येत नव्हता. मग त्यांनी टोपी काढली.

"ते चित्र," ते म्हणाले, "औषधवाल्यांनी फुकट दिलंय. भिंतीला ओल आलीये, ती झाकायला लावलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? कोंबडी सोडून मी आजवर दुसऱ्या पक्ष्याकडे मान वर करून पाहिलेलं नाही. बायकोला हे पक्कं माहीत आहे. म्हणून तर तिने नावं दिली! तुम्ही इतके जाणकार, तुमच्यापुढे कसं सांगू?"

"मी जाणकार? वजनावरून पक्षी ओळखतं का कुणी?"

"मग चोच वाकडी म्हणून तरी कोण ओळखतं? अहो, सकाळीच का नाही बोललात?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"तुम्हाला अपमान वाटला असता!"

"मला? अर्धा चहा टाकून कोण गेलं होतं?"

"आणि घरी आलेल्या माणसासमोर काटा कुणी मांडला होता?"

"अठ्ठावन्न ग्रॅम कमी होतं ते!"

"आणि दाढ गेलेली होतीच!"

पहारेकऱ्याने टेबलावर पेन आपटलं. "भांडायचं असेल तर बाहेर. पत्रात फक्त निरीक्षण लिहिलंय."

आणि मग डॉक्टरांच्या पोटातून कुठूनतरी हसू निघालं. आधी बारीक, मग मोठं, मग असं, की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "तार न लावलेला!" ते म्हणत होते आणि डोळे पुसत होते. मीही हसत होतो. पण हसता हसता दोघांचीही नजर घड्याळाकडे गेली, आणि दोघांच्याही डोळ्यांत तोच प्रश्न होता. पोरं यायला तासभर उरला होता.

"काय करायचं?" मी विचारलं.

"कीड लागली की काढायचीच," डॉक्टर म्हणाले. "दुखेल. पण काढायची."

सत्तावन्न नोंदी, प्रती तीन, प्रत्येक खाडाखोडीला दोन सह्या. म्हणजे तीनशे बेचाळीस सह्या. पहारेकऱ्याने टेबल दिलं, स्वतः उभा राहिला. डॉक्टरांची सही लांबलचक, शेवटी दोन टिंबं आणि एक शेपूट. पन्नासाव्या सहीला त्यांनी टिंबं सोडली, शंभराव्याला शेपूट. संपलं तेव्हा उन्हं पाण्यावर तिरपी झाली होती आणि आमच्या यादीत पक्षी म्हणावा असा एकही उरला नव्हता.

डॉक्टरांची दुर्बीण पावती देऊन सोडवली, माझी आंधळी टेबलावर ठेवली, आणि परत काठावर जाऊन बसलो. आता पहिल्यांदाच आम्ही खरोखर पाहत होतो. कावळा, दोघांची सही. चिमणी, सही. कबुतर. पोपट. लांब पायांचा बगळा, तोही ओळखला. बदकावर मात्र मोडलं. मी म्हणालो बदक, डॉक्टर म्हणाले बदकाची मान अशी नसते, मी म्हणालो मान मी मोजत नाही, ते म्हणाले मोजता येत असती तर सोडली नसतीत. बदक रद्द.

मग एक इवलासा पक्षी आला. माझा चिखलात रुतलेला बूट अर्धा वर आला होता, त्याच्या टोकावर येऊन बसला. निळा होता. निळा म्हणजे कसा सांगू, संध्याकाळ होताना आभाळाचा एक तुकडा कुणी नखाने खुडून खाली टाकावा तसा. शेपटी वर, शेपटी खाली. पाण्यात चोच बुडवायचा, मान झटकायचा, पुन्हा बुडवायचा. आम्ही श्वास धरून बसलो. तो त्याचं न्हाणं आटोपून, आमच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून गेला.

"काय होता?" डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मलाही." त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं : नाव माहीत नाही. निळा. शेपटी हलवतो. दोघांनी पाहिला.

त्या नोंदीवर त्यांनी सहीची टिंबंही दिली आणि शेपूटही काढलं.

सहा पक्षी झाले. सूर्य टेकायला आला होता, आणि नेमका तेव्हा आमच्या डोक्यावर, फार उंचावर, एक मोठा पक्षी घिरट्या घालू लागला.

"घार," डॉक्टर म्हणाले.

"गरुड," मी म्हणालो.

"गरुड? इथे? पाणीपुरवठ्याच्या तलावावर?"

"का, गरुडाला तहान लागत नाही?"

"अहो, पंख बघा त्याचे!"

"तुम्ही पंखात पडू नका, तुमचा प्रांत चोच!"

"आणि तुमचा प्रांत हट्ट! हट्टाला माप असतं तर तुमचा काटा मोडला असता!"

आम्ही उभे राहून, हातवारे करून, चिखलाने माखलेले, भर आवाजात भांडत होतो. मागून कुणी आलं ते कळलंच नाही. वळून पाहिलं तर सगळे उभे. विहीणबाई, माझी बायको, मुलगा आणि रबरी बुटांच्या संयोजिका. संयोजिकांनी खाली पडलेला कागद उचलून वाचला. खोडलेल्या ओळी पाहिल्या, खालच्या सहा पाहिल्या. "वीस वर्षांत इतके कमी कुणाला दिसले नव्हते," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "पण खरे दिसतायत."

माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. सगळ्यांच्या पुढे माझी लेक उभी होती. दिवसभर तिने मनात जे काही रचत आणलं होतं ते तिच्या डोळ्यांदेखत ढासळत होतं. "बाबा," ती म्हणाली. "पुन्हा? मी एकच तर गोष्ट मागितली होती. भांडू नका ना. काका, प्लीज..."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं बोट अजून आभाळात होतं.

"तू मध्ये पडू नकोस, सूनबाई!" ते गरजले. "आधी तुझ्या या बापाला सांग, ती घार आहे!"

तो शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला. डॉक्टरांना स्वतःला कळलंच नव्हतं. बाकी सगळ्यांना कळलं होतं. विहीणबाईंनी माझ्या बायकोचा हात धरला. मुलगा पायाखालच्या गवताकडे बघत उगाचच हसत होता. माझ्या लेकीच्या डोळ्यांत आलेलं पाणी यावं की जावं अशा पेचात तिथेच थांबलं.

मग तिने मान वर केली. हाताचा आडोसा धरून त्या पक्ष्याकडे बराच वेळ पाहिलं. नाक पुसलं.

"अहो, कावळा आहे तो," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळलो, आणि दोन्ही बाप एका सुरात ओरडलो :

"गप्प बैस! तुला काय कळतं त्यातलं!"

आणि माझी लेक, दोन घरांच्या मधोमध उभी राहून, तोंडावर हात धरून, पोट धरून हसत सुटली.